दोनच झालेत!

"अहो, मी वाजवल्याशिवाय टाळी वाजवायची नाही!" ही ताकीद मला डोंबिवली स्टेशनावरच मिळाली होती. हिच्या ऑफिसातल्या पारशी मॅडमनी पाश्चात्त्य संगीताच्या मैफलीचे दोन पास दिले होते. व्हायोलिन आणि पियानो, वाजवणारी माणसं दोनच. दोन जुन्या सोनाटा (म्हणजे तीन-चार भागांत वाजवायच्या रचना) आणि मधे एक ताजी रचना, दोन पुरणपोळ्यांच्या मधे कारल्याची कोशिंबीर वाढावी तशी.

आमचे कान भीमसेनांवर पोसलेले. सम आली की मान आपोआप जाते आणि तोंडून 'वा' निघतं. इथे सोनाटाचे सगळे भाग संपेपर्यंत दाद बंद! मग दोन भागांच्या मधे लोक करतात काय? खोकतात. दाबून धरलेला खोकला अख्खं सभागृह एकदम मोकळं करतं. मला खोकला नव्हता, तरी खोकलो. तेवढीच दाद.

मी अभ्यास करून गेलो होतो. ब्राम्स या जर्मन संगीतकाराची पहिली व्हायोलिन सोनाटा, 1879 ची, भाग तीन. शेवटच्या भागात त्याने स्वतःच्याच एका पावसाच्या गाण्याची चाल घेतली आहे. पियानोवर टपटप थेंब पडायला लागले आणि छत्री लोकलमध्ये राहिल्याचं मला आठवलं.

मग नवी रचना. व्हायोलिनवाल्याने गज उलटा धरला आणि काडीच्या बाजूने तारांवर टकटक सुरू केली. पियानोवाल्या बाई उठून पियानोच्या पोटात हात घालून तारा खाजवू लागल्या. आपल्याकडे तबला लावून होईपर्यंत चहा गार होतो, म्हणून मी निवांत बसलो. ही कानात म्हणाली, "सुरू झालंय."

नेमका तेव्हाच घसा खरोखरचा खवखवला. खिशातून गोळी काढली, पण तिचा कागद! सगळं शांत झालेलं असताना तो जो चुरचुरला! वाटलं, आता मला बाहेर काढतात. पण शेजारच्या दाढीवाल्या गृहस्थांनी डोळे मिटून मान डोलावली. धीर आला. थोड्या वेळाने मी दुसरी गोळी सोडली.

रचना संपली, टाळ्या झाल्या, वादकाने आमच्या रांगेकडे हात केला आणि दाढीवाले उठून वाकले. संगीतकार ते होते.

मध्यंतरानंतर सेझार फ्रँक या संगीतकाराची सोनाटा. ही सोनाटा त्याने 1886 मध्ये इझाई या व्हायोलिनवादकाला लग्नाचा आहेर म्हणून दिली. (आम्हाला अकरा लेमन सेट आले होते.) भाग चार. दुसरा भाग असा वादळासारखा संपला की सभागृहाने टाळ्यांचा कडकडाट केला. मी हात मांडीखाली दाबून ताठ बसलेला.

"अहो, वाजवा की!"

"दोनच झालेत!"

चौथ्या भागात मात्र मी हरलो. पियानो एक ओळ म्हणतो आणि व्हायोलिन तीच ओळ एक पाऊल मागून म्हणतं. आपल्याकडे पेटीवाला गायकाच्या मागे असतो, इथे गायकच पेटीवाल्याच्या मागे! आणि इतकं गोड, की 'वा' गेलंच. चांगलं खणखणीत. पुढच्या दोन रांगा वळल्या. हिने पदर तोंडाला लावला.

दाढीवाल्यांनीही माझ्याकडे पाहिलं आणि हळूच तळहात पुढे केला. त्यांना गोळी हवी होती.

"कागद काढून द्या," ते कानात पुटपुटले.