तांबूची पैसेवारी

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या कुत्र्याला, तांबूला, पत्रा लागला. शेजारच्या प्लॉटवर बांधकाम चाललंय, त्याच्या कुंपणाचा पत्रा एका कोपऱ्यात खालून उचकटलेला आहे. त्या फटीतून एक मांजर पलीकडे गेलं. मांजर मांजराएवढ्या फटीतून गेलं आणि तांबूही त्याच फटीतून गेला.

पाठीवर सात टाके पडले. जखम होती करंगळीएवढी, पण डॉक्टरांनी केस उडवले ते पुरणपोळीएवढे. केस जखमेत गेले तर ती चिघळते, म्हणून भोवतालचा भाग साफ करावाच लागतो, हे मला पटलं. तरी तांबूस गावठी कुत्र्याच्या पाठीवर मधोमध गुलाबी पोळी थापलेली बघणं जड जात होतं. शिवाय गळ्यात प्लॅस्टिकचं नरसाळं. ते घालून तो दारातून जायचा तेव्हा आधी नरसाळं चौकटीवर आपटायचं, मग तो दोन पावलं मागे यायचा आणि चौकटीकडे असा बघायचा की चूक तिचीच. खालच्या मजल्यावरच्यांनी विचारलं, तुमच्याकडे फर्निचरचं काम चालू आहे का?

नरसाळं तोंडाला अडवतं, दिवाणाला अडवत नाही. नवव्या दिवशी जखमेला खाज सुटली आणि साहेबांनी दिवाणाखाली शिरून कडेच्या पट्टीवर पाठ घासली. मधले दोन टाके गेले. "आता राहू दे, आतून भरून येईल," डॉक्टर म्हणाले. म्हणजे रोज दोनदा सलाईनने धुवायचं, मलम लावायचं आणि माश्या हाकायच्या. पावसाळ्यात उघड्या जखमेवर माशी बसली की किडे पडायला वेळ लागत नाही. महिनाभर मी पेपराची गुंडाळी हातात घेऊन कुत्र्यामागे फिरत होते. बघणाऱ्यांना वाटायचं, बाई मारकुटी आहे.

जखम भरली आणि मग खरा ताप सुरू झाला. जखम भरताना निदान काही करता तरी येतं. केस येण्याची नुसती वाट बघायची असते, आणि वाट बघणं आमच्या घरात कुणाला जमत नाही.

त्यातून माझे सासरे निवृत्त तलाठी. नानांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला, पोळीवरून बोट फिरवलं आणि जाहीर केलं, "पडीक." दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे दोनशे पानी वही आली. दर रविवारी चहानंतर तांबूला गॅलरीत उजेडात उभं करायचं, मोजपट्टी लावायची आणि नोंद करायची. नातवानं सुचवलं की आता पीकपाहणी मोबाईलवरून होते, फोटो काढू या. नाना म्हणाले, "प्रत्यक्ष बांधावर गेल्याशिवाय मी कधी नोंद घातली नाही."

जुलैत ती गुलाबी कातडी काळपट पडायला लागली. माझ्या पोटात गोळा आला. नाना मात्र खूष. "काळी जमीन! कापसाला उत्तम." डॉक्टरांना फोटो पाठवला. भरलेल्या जखमेची कातडी अशी गडद होते, घाबरू नका, असं उत्तर आलं. म्हणजे नानांचा कारणाचा भाग सोडला तर निष्कर्ष बरोबर होता. तलाठ्याच्या बाबतीत असं होतं.

दरम्यान लिफ्टमध्ये सल्ले सुरू झाले. खोबरेल लावा. हळद लावा. (ती आधीच लावून बघितली होती, तांबू बरा होता, सोफा पिवळा झाला.) चौथ्या मजल्यावरच्या काकूंनी तर वाटीभर कांद्याचा रस आणून दिला. त्यांच्या भावाला त्यानं केस आले होते म्हणे. कांदा कुत्र्याच्या पोटात गेला तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, आणि तांबूच्या अंगावर लावलेली प्रत्येक वस्तू पाचव्या मिनिटाला तांबूच्या पोटात असते. एवढं सगळं लिफ्टमध्ये तळमजल्यापर्यंत सांगून होत नाही. मी वाटी घेतली, थँक्यू म्हटलं. रस नवऱ्यानं गुपचूप स्वतःच्या डोक्याला लावला. दोन दिवस घरात भज्यांचा वास येत होता.

ऑगस्टमध्ये मी डॉक्टरांना स्पष्टच विचारलं, की अजून किती? ते म्हणाले, तीन-चार महिने धरा, आखूड केसांचा आहे म्हणून लवकर. पॉमेरेनियनसारखा दाट केसांचा असता तर वर्षही गेलं असतं. माणसाच्या डोक्यावरचे बहुतेक केस कायम वाढत असतात, पण बहुतेक कुत्र्यांचे केस ठरलेल्या लांबीला पोचले की वाढ थांबवून नुसते बसून असतात. पुन्हा वाढीची पाळी आली की कामाला लागतात. "म्हणजे सगळे पेन्शनर," मी घरी येऊन सांगितलं. नानांनी दोन दिवस माझ्याशी बोलणं कमी केलं.

गणपतीच्या आदल्या दिवशी मोदकाचं पीठ मळून हात पुसताना मी सहज तांबूच्या पाठीवर हात ठेवला. दिसत काही नव्हतं, पण तळव्याला टोचलं. दोन दिवस न केलेल्या दाढीसारखं. मी ओरडले, "नाना, उगवलं!" नाना सोवळ्यात होते, तसेच आले. नजरअंदाज पैसेवारी, म्हणजे पीक किती आलं याचा सरकारी अंदाज, चाळीस लागली. नानांच्या काळच्या हिशेबानं पन्नासच्या आत म्हणजे दुष्काळ, त्यामुळे मला शेवटची दोन बिस्किटं तांबूला मदत म्हणून द्यावी लागली. दसऱ्याला सुधारित पैसेवारी पंचावन्न. नवे केस जुन्यांपेक्षा जरा गडद होते, दुरून पाहिलं तर पाठीवर कुणीतरी चहा सांडल्यासारखे.

दिवाळीपर्यंत सगळी पोळी भरली. राहिला तो मधला चिंचोक्याएवढा तुकडा, जिथले टाके दिवाणाखाली गेले होते. चिंचोक्यासारखाच गुळगुळीत, चकचकीत. "तिथे आता येणार नाहीत," डॉक्टर म्हणाले, "खोलवर गेली होती जखम, केसांची मुळंच उरली नाहीत." नवरा उगाचच पंख्याकडे बघायला लागला. नानांनी वही उघडून लिहिलं : 'पोटखराबा, वर्ग अ.' सातबाऱ्यावर खडक, नाला, अशी लागवडीला न येणारी जमीन असते ना, ती.

नोव्हेंबरात सोसायटीतल्या पोरांना त्या चिंचोक्याचा शोध लागला. शाळेत जाताना प्रत्येक जण त्यावरून अंगठा फिरवून जातो. वॉचमन फिरवतो. कुरिअरवाला फिरवतो. कांद्याच्या काकूही फिरवतात. तांबू डोळे मिटून उभा असतो, आणि रांग संपली की आणखी कुणी आहे का बघतो.

रविवारी नानांनी 'अ' खोडून 'ब' केलं. रस्ता, तळं, सार्वजनिक वापरातली जागा असेल तर वर्ग ब. "पण नोंदीतला फेरफार मंजूर करायला तलाठ्याच्या वरचा मंडळ अधिकारी लागतो," ते म्हणाले, आणि वही माझ्यापुढे सरकवली. पिठाचे हात पुसून मी सही केली.