वांझ फुलं खुडा, म्हणे!

परवा सकाळी राजापूरहून मामीचा फोन. "अगो, फुलं काढून काढून बोटं पिवळी झाली माझी, तरी एक भोपळा धरत नाही." कसली फुलं काढतेस, विचारलं तर म्हणाली, वांझ. कुणी सांगितलं? मोबाइलवर आलंय.

तो मेसेज मग मलाही आला. मामीनेच पाठवला, वाचून घे म्हणून. थोडक्यात असा: भोपळा, दुधी, काकडीचा वेल फळांनी लगडायला हवा असेल तर (१) लांब देठाची वांझ फुलं दिसली की खुडा, (२) मधमाश्या फुलातला रस ओढून नेतात आणि त्यामुळे कोवळी फळं पिवळी पडून गळतात, म्हणून सकाळी फुलं उमलली की औषध फवारा, (३) रात्री वेलावर बल्ब लावा, उजेड दुप्पट तर वाढ दुप्पट, (४) दर आठवड्याला ताक-गूळ शिंपडा. खाली हात जोडलेले आणि "प्रत्येक शेतकऱ्यापर्यंत पोचवा".

ताक-गुळाबद्दल मला काही म्हणायचं नाही. मुंग्या येतील, ताक जाईल.

वांझ फुलांचं मात्र बोलायलाच हवं. ती वांझ नाहीत, नर आहेत. भोपळ्याच्या एकाच वेलावर दोन तऱ्हेची फुलं येतात. लांब, बारीक देठावर ताठ उभं राहतं ते नर. आखूड देठाचं, पाकळ्यांखाली लिंबाएवढा छोटा भोपळा घेऊनच येतं ते मादी. आधी आठ-पंधरा दिवस वेल नुसती नर फुलंच काढत बसतो, त्यामुळे माणसाचा धीर सुटतो हे मान्य. पण खालचा तो इवला भोपळा म्हणजे धरलेलं फळ नव्हे. नर फुलातले पराग मादी फुलाच्या तीन पाळ्यांच्या कुक्षीवर, म्हणजे पराग झेलणाऱ्या मधल्या टोकावर, पोचले तरच तो फुगतो. नाहीतर तीन-चार दिवसांत पिवळा पडून गळतो. मेसेजमध्ये ज्या गळतीची भीती घातलीय, ती गळती त्यातलं पहिलं सूत्र पाळलं की हमखास होते.

आता यातलं अर्धं खरं. नर फुलं गरजेपेक्षा पुष्कळ येतात, थोडी काढली तर काही बिघडत नाही. त्यांची भजी उत्तम होतात. पण सगळी?

दुसऱ्या मुद्द्यावर माझं डोकं फिरलं, कारण मामीने तोही पाळला होता. भाताच्या किडीसाठी आणलेलं औषध, सकाळी आठ वाजता, उमललेल्या फुलांवर. भोपळ्याचं फूल उजाडायच्या सुमारास उघडतं आणि दहा-अकरापर्यंत मिटतं, ते कायमचंच. मादी फुलाला मिळतात ते एवढेच चार-पाच तास. पराग जड, चिकट, काटेरी, वाऱ्याने उडत नाहीत. सातेरी, आग्या, फुलोरी, कुठल्यातरी जातीच्या मधमाशीने ते अंगावर घेऊन जावे लागतात. आणि ज्या रसाबद्दल एवढा गळा काढलाय तो मध वेल फळाच्या तोंडचा काढून देत नाही. माशीने यावं म्हणूनच तो फुलाच्या तळाशी ठेवलेला असतो. नवरा पळवायचा, मध्यस्थाला विष घालायचं आणि वर बारशाची तयारी करायची, असा हा सल्ला आहे.

माझं ऐकू नका. २००७ साली संशोधक अलेक्झांड्रा-मारिया क्लाइन आणि सहकाऱ्यांनी जगातल्या ११५ प्रमुख अन्नपिकांचा आढावा घेतला. त्यातल्या ८७ पिकांना फळ किंवा बी धरायला कमी-अधिक प्रमाणात कीटकांची, प्राण्यांची मदत होते. १३ पिकं तर अशी, की परागवाहक नसले तर उत्पादन ९० टक्के किंवा त्याहून जास्त घटतं. त्या तेरांत भोपळा आहे, कलिंगड आहे, खरबूज आहे. (भात, गहू नाहीत. त्यामुळे मधमाशी गेली की चार वर्षांत माणूस संपेल, हे आइन्स्टाइनच्या नावावर खपवलेलं वाक्यही फिरवू नका. तो तसं म्हणाल्याचा पुरावा नाही.)

मधमाशीने काकडी बिघडते, हे कुठून आलं असावं ते मला कळतं. पॉलिहाऊसमधली बिनबियांची काकडी परागाशिवायच धरते. तिथे माशी शिरली तर काकडी बेढब होते, म्हणून ते लोक माशीला बाहेर ठेवतात. ती जातच वेगळी. मामीच्या मांडवाला पॉलिहाऊसचा नियम कसा लागेल? आणि कोवळ्या फळाला टोचून सडवते ती फळमाशी. तिच्यासाठी कामगंध सापळा असतो, वासाने नर फळमाश्या ओढून पकडणारा. दोघींच्या नावात माशी आहे, एवढंच साम्य.

राहिला बल्ब. ड्रॅगनफ्रूटवाले हिवाळ्यात रात्री दिवे लावून अवेळी फुलं आणतात, हे खरं आहे. पण शेवंतीवर रात्री दिवे लावतात ते कळी धरू नये म्हणून! दिवस-रात्रीच्या लांबीवर फुलणं ठरतं, हे गार्नर आणि अलार्ड या शास्त्रज्ञांनी १९२० मध्येच दाखवलं, आणि प्रत्येक झाडाचा हिशेब वेगळा असतो. भोपळा-काकडीच्या वर्गात दिवस लांबला की साधारणपणे नर फुलं वाढतात. म्हणजे रात्री बल्ब लावून "वांझ" फुलं वाढवायची आणि सकाळी उठून खुडायची. वाढीचं म्हणाल तर दुपारचं ऊन लाखभर लक्स (उजेडाचं माप) असतं, घरगुती बल्ब हातभर अंतरावर काही शे.

मामीच्या वेलाला उजेड कमीच पडतो, पण तो दिवसाचा. मांडव फणसाखाली आहे. सावलीत मादी फुलं कमी येतात. त्यात श्रावणातली झड, माशी बाहेर पडत नाही आणि भिजलेले पराग फुटून जातात. तिला तीन कामं सांगितलीत. फणसाची खालची एक फांदी उतरवून घे. औषधाची बाटली भाताकडे परत ने. आणि मादी कळी उद्या उमलेलशी दिसली की रात्रीच तिच्यावर कागदी पिशवी घाल, एका नर कळीवरही. सकाळी सातला नर फूल तोडायचं, पाकळ्या सोलायच्या आणि आतला पिवळा दांडा मादी फुलाच्या तिन्ही पाळ्यांवर नीट फिरवायचा. एकाच पाळीला लागला तर भोपळा एका अंगाने पोचट राहतो. मग पिशवी परत घालायची, पावसासाठी.

दुधीची फुलं पांढरी, संध्याकाळी उमलतात, तिथे हेच काम दिवेलागणीला. पडवळाचंही तसंच.

"नर फूल आणू कुठून?" मामी म्हणाली. "सगळी काढली ना मी." शेजारच्या काकूंच्या कुंपणावर वेल आहे. त्यांच्या मोबाइलवर अजून हा मेसेज पोचलेला नाही.