पत्त्याच्या रकान्यात काय लिहायचं?

इथे अमेरिकेतल्या आमच्या मंडळाच्या ग्रुपवर तो मजकूर तीनदा येऊन गेला, तेव्हा मी गप्प बसले. ग्रुपवर काय काय येतं, प्रत्येकाच्या मागे लागायचं तर घरातली कामं कोण करणार? पण परवा जाऊबाईंनी तोच मजकूर मला एकटीला पाठवला आणि खाली विचारलं, "तू जातेस ना शाळेत, हे खरं का गं?" मग मात्र राहवेना. जाऊबाई मंडळाच्या देणगी समितीत आहेत. यंदा दिवाळीच्या कार्यक्रमातून उरलेली रक्कम इथल्या शाळांमधल्या डोळे-दात तपासणीच्या उपक्रमाला द्यायचं जवळपास पक्कं झालं होतं. आता समितीत "जरा थांबू या, चौकशी करू या" असं सुरू झालंय. चौकशी म्हणजे हा फॉरवर्ड.

ज्यांच्यापर्यंत तो पोचला नसेल त्या भाग्यवंतांसाठी थोडक्यात: अमेरिकेतल्या शाळांत बेघर मुलांच्या नावाखाली फुकट चष्मे आणि दातांचे उपचार वाटले जातात. बेघर मुलं शाळेत येतातच कुठे? गरिबांना मेडिकेड (सरकारी आरोग्यविमा) आहेच, म्हणजे आपल्या टॅक्सचा पैसा दोनदा जातो. दुधाचे दात तसेही पडणारच असतात. लहानपणी चष्मा लावला की नंबर वाढत जातो. हे सगळं आईवडिलांना न विचारता चालतं. आणि दिलेले चष्मे आठवड्यात हरवतात. शेवटी जोडलेले हात आणि 'जास्तीत जास्त शेअर करा'.

मी डॉक्टर नाही की डेंटिस्ट नाही. आठवड्यातून दोन दिवस एका सरकारी शाळेत नर्सच्या खोलीत मदतीला जाते. भिंतीवर अक्षरांचा तक्ता लावणं, मुलांना रांगेत उभं करणं, अर्ज भरून घेणं, रडणाऱ्याला पाणी देणं, एवढंच माझं काम. पण हा मजकूर लिहिणाऱ्याने उंटावरून ज्या शेळ्या हाकल्यात, त्या मी रोज जवळून बघते.

'बेघर मुलं शाळेत येतातच कुठे?' इथे लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर पुलाखालचा तंबू आहे. कायद्याच्या डोळ्यांसमोर तेवढाच नाही. १९८७च्या मॅकिनी-व्हेंटो कायद्यानुसार रात्री झोपायला कायमची, नियमित आणि पुरेशी जागा नसलेलं मूल बेघर धरलं जातं. शेल्टरमधलं, मोटेलमधलं, गाडीत झोपणारं, आणि घर परवडेना म्हणून कुणा नातेवाइकाच्या दिवाणखान्यात आईवडिलांसह मुक्काम ठोकलेलंसुद्धा. २०२२-२३ या शालेय वर्षात देशभरच्या सरकारी शाळांनी अशी सुमारे १३ लाख ७० हजार मुलं मोजली, आणि त्यातली जवळजवळ तीन चतुर्थांश या शेवटच्या प्रकारातली होती. मोजली शाळांनीच, म्हणजे ती शाळेत होती. सकाळी दप्तर घेऊन बसमधून उतरताना ती बाकीच्यांसारखीच दिसतात. जाऊबाई, तुमच्या नातीच्या वर्गातही एखादं असेल आणि तुम्ही त्याला वाढदिवसाचा केक भरवला असेल.

मला हे कळलं ते एका अर्जामुळे. पाचवीतल्या एका मुलीला मी पत्ता विचारला. तिने मान वर करून मलाच विचारलं, "कुठला? आजचा?"

आता मुख्य मुद्दा, आणि माझा खरा संताप ज्याच्यावर आहे तोही हाच: 'मेडिकेड आहेच.'

आहे ना! कागदावर तर फार चांगलं आहे. १९६७ पासून कायदा सांगतो की मेडिकेडमधल्या २१ वर्षांखालच्या मुलांची वेळोवेळी तपासणी झालीच पाहिजे आणि तपासणीत निघालेल्या दुखण्यावर उपचारही मिळाले पाहिजेत. त्यात दात आले, डोळे आले, चष्मा आला. एवढं असताना मूल दातदुखीने मरणार नाही, असं कुणालाही वाटेल.

मेरीलँडमध्ये २००७ साली मेलं. डिआमाँटे ड्रायव्हर, वय १२. राजधानी वॉशिंग्टनला अगदी लागून असलेल्या प्रिन्स जॉर्जेस काउंटीतला मुलगा. कुटुंबाने शेल्टरमध्ये दिवस काढलेले. आईची धावपळ चालली होती ती त्याच्या धाकट्या भावासाठी, कारण त्याचे दात जास्त किडलेले होते आणि तक्रारही त्याचीच असायची. मेडिकेड घेणारा डेंटिस्ट सापडेना. एका मुलाची एक अपॉइंटमेंट मिळवायला आई, वकील, हेल्पलाइनवरची बाई आणि आणखी तिघे कर्मचारी एवढ्यांना कसं राबावं लागलं, हे त्या वकील बाईंनी पुढे अमेरिकी संसदेसमोर सांगितलं. अशात डिआमाँटेचं डोकं दुखायला लागलं. दातातला पू मेंदूपर्यंत गेला होता. मेंदूच्या दोन शस्त्रक्रिया झाल्या, कित्येक आठवडे हॉस्पिटलमध्ये गेले आणि फेब्रुवारीच्या शेवटी तो गेला. दात काढायला ८० डॉलर लागले असते. हॉस्पिटलचा खर्च अडीच लाख डॉलरच्या घरात गेला.

आणि ज्या मेडिकेडचा दाखला फॉरवर्डवाले देतात ते? मधल्या काळात कुटुंबाचं मेडिकेड खंडित झालं होतं. आईच्या अंदाजाने, नूतनीकरणाचे कागद ज्या शेल्टरच्या पत्त्यावर गेले ते शेल्टर त्यांनी केव्हाच सोडलेलं होतं.

हे वाचल्यावर 'आहेच' या शब्दाचा अर्थ नीट लागतो. हक्क होता, सरकारची तयारी होती, अडलं ते पाकिटावरच्या पत्त्यापाशी. ज्याचा पत्ता दर दोन महिन्यांनी बदलतो, त्याला टपालाने येणारा कुठलाच हक्क धड मिळत नाही. त्यात देशातल्या निम्म्याहून कमी डेंटिस्टांकडे मेडिकेड चालतं. मेडिकेड घेणारा दवाखाना शोधायचा, सहा आठवड्यांनंतरची तारीख घ्यायची, आणि त्या तारखेला आपण कुठल्या गावात असू तेच माहीत नाही.

अशा मुलाच्या आयुष्यात न हलणारी गोष्ट एकच उरते. शाळा. हे भावनेच्या भरात म्हणत नाहीये, कायद्यातच आहे. मॅकिनी-व्हेंटोप्रमाणे मुक्काम हलला तरी मुलाच्या हिताचं असेल तर त्याच शाळेत राहण्याचा त्याला हक्क आहे आणि ने-आण करण्याची जबाबदारी शाळाखात्यावर आहे. लसीकरणाचे, तब्येतीचे कागद जवळ नसले तरी प्रवेश अडवता येत नाही. शाळांच्या प्रत्येक डिस्ट्रिक्टमध्ये या मुलांसाठी नेमलेला संपर्क अधिकारी असतो, आणि त्याच्या कामाच्या यादीत या कुटुंबांना वैद्यकीय आणि दातांच्या उपचारांपर्यंत पोचवणं हे स्पष्ट लिहिलेलं आहे. 'शाळेने शिकवावं, दात कशाला बघावेत' असं ग्रुपवर कुणी तरी खाली जोडलं होतं. त्यांना हेच उत्तर. जिथे मूल रोज सापडतं, तिथेच डॉक्टरने जायचं.

पैसा 'दोनदा' जातो हे तर हिशेबातच बसत नाही. तपासणीची व्हॅन शाळेच्या आवारात आली आणि मूल मेडिकेडमध्ये असलं तर बिल मेडिकेडलाच जातं. शाळेने स्वतः सेवा दिली तरी तेच. पूर्वी नियम असा लावला जायचा की जी सेवा सगळ्या मुलांना फुकट, तिचं बिल मेडिकेडला लावायचं नाही. डिसेंबर २०१४ मध्ये केंद्राने पत्र काढून ती अडचण दूर केली. म्हणजे दवाखान्यात जो पैसा एकदा गेला असता, तोच शाळेत एकदा जातो. ज्यांचं मेडिकेड खंडित आहे, त्यांचा खर्च देणग्यांतून निघतो. जाऊबाई, आपल्या मंडळाची रक्कम नेमकी तिथे लागणार आहे.

दुधाचे दात. हे आपल्याकडे आज्यांपासून चालत आलंय, म्हणून फॉरवर्डवाल्याला एकट्याला दोष देत नाही. पुढचे दात सहा-सातव्या वर्षी पडतात हे खरं. पण दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. किडलेल्या दाढेने चौथीतल्या मुलाने तीन वर्षं एका बाजूने चावायचं का? शिवाय खरी गफलत वेगळीच आहे. पहिली कायमची दाढ साधारण सहाव्या वर्षी येते आणि ती कुठलाही दात पाडून येत नाही. शेवटच्या दुधाच्या दाढेमागे गुपचूप उगवते. घरच्यांना वाटतं, हीसुद्धा दुधाचीच. ती किडते आणि सगळे ती पडायची वाट बघत बसतात. ती पडत नाही, ती जन्माची असते.

याच दाढांवर शाळांमध्ये सीलंट लावतात. दाढेच्या वरच्या भेगा बुजवणारा पातळ लेप. सुई नाही, ड्रिल नाही. सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेचं म्हणणं आहे की दहापैकी नऊ किडी मागच्या दाढांमध्ये होतात आणि सीलंटने त्यातल्या ८० टक्के दोन वर्षं टळतात. आमच्याकडे ज्या दिवशी हा लेप लावला जातो, त्या दिवशी मुलांना तक्रार एकच असते, चव घाणेरडी.

पालकांना न विचारता? उलट संमतीचा कागद हीच आमची सगळ्यात मोठी अडचण. तो दप्तरातून जातो आणि दप्तरातच राहतो. सही नसेल तर व्हॅनमधले लोक मुलाला खुर्चीत बसवत नाहीत, बसवूही नये. पालकांविना एकट्या राहणाऱ्या मोठ्या मुलांचं काय, याचे नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत, आणि तिथे नर्सबाईंचे फोनवर फोन चालतात. चोरून उपचार करायला तिथे कुणाला वेळ आहे!

'चष्म्याने नंबर वाढतो.' वाढत्या वयात नंबर वाढतो, कारण डोळ्याचा गोळा लांबत असतो. चष्मा नसता तरी वाढलाच असता. कमी नंबरचा चष्मा देऊन वाढ रोखता येते का, हे मलेशियात ९४ मुलांवर दोन वर्षं तपासलं होतं, २००२ साली ते छापून आलं. कमी नंबर दिलेल्या मुलांचाच नंबर जास्त वाढला. विषय संपला.

राहिला चष्मे हरवण्याचा मुद्दा. इथे मला नाइलाजाने थोडं मागे यावं लागतंय. हरवतात. मोडतात. आठवड्यात नाही, पण वर्षात बरेच.

बाल्टिमोर शहरात जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या लोकांनी यावर मोठा अभ्यास केला. तिसरी ते सातवीची २,३०४ मुलं. शाळांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी करून काही शाळांना चष्मे आधी, काहींना नंतर. २०२१ मध्ये निष्कर्ष आले. पहिल्या वर्षी चष्मे मिळालेल्या मुलांचे वाचनाचे गुण वाढले आणि सगळ्यात जास्त फायदा वर्गातल्या सगळ्यात मागे पडलेल्या मुलांना झाला. फॉरवर्डवाल्यांना हे माहीत असतं तर त्यांनी पुढचं वाक्य ठळक छापलं असतं: दुसऱ्या वर्षाअखेर हा फरक दिसेनासा झाला. चष्मा वापरणं कमी होणं, हरवणं, मोडणं हे त्याचं एक संभाव्य कारण मानलं जातं.

पण याचा अर्थ 'देऊ नका' असा कसा निघतो? पेन्सिली हरवतात म्हणून शाळेत पेन्सिली देणं बंद होत नाही. तपासणीच्या दिवशी तक्त्यासमोर उभा राहिलेला एक मुलगा मला आठवतो. आठ वर्षांचा. पहिल्या दोन ओळी खडाखडा म्हणाला. नर्सबाईंनी तक्ता उलटून दुसरा लावला तर गप्प. आधीच्या चार मुलांचं ऐकून त्याने अक्षरं पाठ केली होती. त्याला कुणी 'ढ' म्हटलेलं मी स्वतः ऐकलंय, आणि हा पोरगा ऐकून तक्ता पाठ करतो! चष्मा मिळाला तेव्हा तो मोटेलमध्ये राहत होता, एका खोलीत पाच माणसं. केस कुठेतरी गेली, म्हणून चष्मा मोज्यात घालून आणायचा. मोज्यात ठेवलेला चष्मा किती दिवस टिकणार? एका काडीला चिकटपट्टी लावून त्याने आणखी बरेच दिवस काढले.

म्हणून जाऊबाई, रविवारच्या बैठकीत "चष्मे हरवतात" असं कुणी म्हणालं तर वाद घालू नका, हो म्हणा. आणि प्रस्तावात एक ओळ वाढवून घ्या: प्रत्येक मुलामागे दोन जोड्या, त्यातली एक नर्सच्या कपाटात, मुलाच्या नावाच्या पाकिटात. पाकिटावर पत्ता नको, इयत्ता पुरे.