नुसत्या झग्याने कुणी अरब होत नसे

एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो: साम्राज्याच्या काळात गोऱ्या प्रवाशांनी अरबी झगा चढवला, डोक्याला रुमाल गुंडाळला की ते अरब म्हणून खपून जायचे. इंग्रज प्रवासी रिचर्ड बर्टन मक्केला असाच गेला, पहिल्या महायुद्धात अरबांसोबत तुर्कांशी लढलेला ब्रिटिश अधिकारी टी. ई. लॉरेन्स वाळवंटात असाच वावरला. दोन्ही दाखले चुकीचे आहेत.

बर्टनचं मुख्य सोंग अरबाचं नव्हतंच. मुंबईच्या फौजेतला हा अधिकारी, मराठीचीही परीक्षा दिलेला. १८५३ मध्ये तो इजिप्तला उतरला इराणी मिर्झा बनून. शिया समजून हिजाझात, म्हणजे मक्का-मदिनेच्या मुलखात, मार खाशील, असं कैरोत कुणी बजावल्यावर तो हिंदुस्थानात जन्मलेला पठाण हकीम झाला. खरी मेख इथे आहे. अरब म्हणवलं असतं तर कूळ नि गाव विचारताच पितळ उघडं पडलं असतं. परमुलखातल्या मुसलमानाचे उच्चार चुकले तर कुणी मनावर घेत नाही. तरीही सामानातला सेक्स्टंट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, दिसल्यावर मक्केच्या एका तरुण सोबत्याने त्याला काफर ठरवलंच. बाकीचे त्याच्या बाजूने उभे राहिले ते त्याचं धर्मज्ञान पाहून. यंत्र मात्र मागे टाकावं लागलं.

शिवाय मक्केत अरबी पोशाख उरतोच कुठे? एहरामात, म्हणजे यात्रेकरूच्या पवित्र अवस्थेत, पुरुषाने शिवलेलं काही घालायचं नाही, डोकं उघडं ठेवायचं. एक वस्त्र कमरेला, दुसरं खांद्यावर, बस्स. तवाफात, म्हणजे काबेच्या प्रदक्षिणेत, उजवा खांदा उघडा टाकायचा, काबा डाव्या हाताला ठेवून तिच्या कोपऱ्यातल्या काळ्या दगडापासून सात फेऱ्या घ्यायच्या, पहिल्या तीन झपझप. मग सफा नि मरवा या दोन टेकड्यांमध्ये सात खेपा. इथे चुकणाऱ्याला कुठलाही झगा वाचवत नाही.

लॉरेन्सचा अरबी पोशाख तर वेषांतरच नव्हता. डिसेंबर १९१६ मध्ये अरब बंडाचा नेता फैसल यानेच त्याला अरबी कपडे घालायला सांगितलं, कारण टोळीवाल्यांनी खाकी पाहिली होती ती तुर्की अधिकाऱ्यांच्या अंगावर. उंटावरही ते सोयीचे. दिलेला पोशाख पांढरा रेशमी, जरीकामाचा. लपायला असलं कुणी घालतं का? १९१७ मध्ये ब्रिटिश अधिकाऱ्यांना लिहिलेल्या २७ कलमी सूचनांत त्याने स्वतःच बजावलं: सोंग घेऊ नका, आपण ब्रिटिश अधिकारी आणि ख्रिस्ती आहोत हे कळू द्या, आणि अरबी कपडे घालायचेच तर उत्तमातले घाला.

इंग्रज प्रवासी चार्ल्स डाउटी तर १८७६ ते ७८ अरबस्तानात अरबी कपड्यांतच फिरला. ख्रिस्ती असल्याचं त्याने लपवलं नाही, आणि त्यापायी धमक्या आणि मार दोन्ही सोसले.