‘रिस्ट गार्डमुळेच हात मोडतो’ हे खरं नाही

इनलाइन स्केटिंगबद्दल (एका रांगेत चाकं असलेले स्केट) पालकांच्या व्हॉट्सॲप गटांत फिरणाऱ्या सल्ल्याचा गोषवारा असा: रिस्ट गार्ड (मनगटाला बांधायचं कडक पट्टीचं संरक्षक) घालू नका, त्याने हाड मनगटाच्या वरच्या बाजूला मोडतं, टाचेचा रबरी ब्रेक अडखळवतो, तो काढून टाका, मुलांना एक नंबर मोठे स्केट घ्या, आणि तोल गेला की मागे बसा. यातलं एकही पाळण्यासारखं नाही.

आधी गार्ड. या दाव्यात सत्याचा कण आहे. गार्डमधली कडक पट्टी जिथे संपते, तिथे हाड मोडल्याच्या मोजक्या नोंदी वैद्यकीय लेखनात आहेत. पण ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये १९९६ साली आलेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात, गार्ड न घालणाऱ्यांमध्ये मनगटाच्या दुखापतीची शक्यता घालणाऱ्यांच्या सुमारे १० पट निघाली. उघडा तळवा डांबरावर टेकला की तिथेच अडकतो, शरीर मात्र पुढे येत राहतं आणि मनगट मागे दुमडतं. मग रेडियसचं, म्हणजे कोपरापासून मनगटापर्यंतच्या अंगठ्याकडच्या हाडाचं, मनगटाकडचं टोक मोडतं, नाहीतर स्कॅफॉइड हे छोटं हाड. स्कॅफॉइडचा रक्तपुरवठा तोकडा, त्यामुळे ते सावकाश जुळतं. पहिल्या एक्स-रेत त्याची चीर दिसेलच असंही नाही. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या खळग्यात दाबल्यावर दुखत असेल तर ‘मुरगळलंय’ म्हणून घरी शेकत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

गार्डची तळव्याकडची प्लास्टिक पट्टी रस्त्यावर घसरते. हात पुढे सरकत राहतो आणि धक्का एका जागी साठत नाही. म्हणून विकत घेताना पट्टी बोटांनी वाकवून बघा. सहज वाकली किंवा आत नुसता स्पंज असला तर ते गार्ड नव्हेच. अनेक स्वस्त किटमध्ये नेमकं हेच मिळतं. मोठ्या मापाचं गार्ड हातावर फिरतं आणि पट्टी जागेवरून सरकते, तेव्हा मापही बघूनच घ्या.

‘मागे बसा’ हा सल्ला तितकाच वाईट. मागे पडलात तर माकडहाड आणि डोक्याची मागची बाजू आपटते. तोल गेला की गुडघे वाकवा आणि हात गुडघ्यांवर ठेवा; बहुतेकदा तेवढ्याने सावरता येतं. नाहीच सावरलं तर पुढे पडा: आधी नी-पॅड, मग कोपराचे पॅड, शेवटी तळव्यांच्या पट्ट्या, बोटं वर उचललेली.

आता ब्रेक. तो अडखळवतो ते गुडघे ताठ ठेवून किंवा कमरेतून पुढे वाकून वापरला की. दोन्ही गुडघे वाकवून ब्रेकचा पाय (बहुतेक स्केटमध्ये उजवा) अर्धं पाऊल पुढे सरकवा, बोटं वर उचला, रबर टेकल्यावर खुर्चीत बसल्यासारखं खाली जात टाचेवर दाब वाढवत न्या. सपाट जागी खडूची रेघ मारून, चालण्याच्या वेगात तिच्यावर थांबायचा सराव करा. रबर झिजून खुणेपर्यंत आलं की बदला. नाहीतर पंजा फार उचलावा लागतो आणि तोल जातो. मागचा पाय आडवा ओढून थांबायचा टी-स्टॉप शिकायलाच हवा, पण त्यात सगळा भार पुढच्या पायावर हवा. मागच्या पायावर भार गेला की माणूस गर्रकन फिरतो. उतारावर तर हील ब्रेकचाच जास्त भरवसा.

मोठ्या मापाबद्दल थोडक्यात: टाच बुटात उचलली गेली की घोटा आत कलतो आणि स्केट हुकमात राहत नाही. उभं राहिल्यावर अंगठा पुढे जेमतेम टेकावा, गुडघे वाकवल्यावर मागे सरकावा. वाढत्या वयासाठी लांबी बदलता येणारे स्केट मिळतात, ते घ्या.

हेल्मेट भुवयांपासून दोन बोटं वर, पट्टा हनुवटीखाली घट्ट. सायकल आणि स्केटिंगसाठीचं ‘ईएन १०७८’ मानक आतल्या लेबलवर शोधा. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून धड दिसलं तरी पुन्हा वापरू नका, कारण आतला फोम एकदाच दबून डोकं वाचवतो.