मालवणी बोलणारी पोरं मठ्ठ नसतात

मालवणच्या बाजारात मासे विकणाऱ्या माझ्या मामीला नात्यातल्या ग्रुपवर एक मेसेज आला. वाचून ती मला विचारते, "आमची पोरां खरीच मठ्ठ असतत काय रे?" मेसेजचं म्हणणं असं: कोकण दहावीत पहिला, म्हणजे इथली शाळा सगळ्यांना सारखंच देते. पुस्तक एक, पेपर एक, तरी मागे पडतो तो आळशी. घरात गावठी बोललं की मुलांची बुद्धी खुंटते. आईबापांनी रोज दोन तास अभ्यास घेतला की कोणीही अधिकारी होतो.

निकालाचं खरं आहे, तेवढं मान्य. 2024 मध्ये कोकण विभाग 99.01 टक्के, 2025 मध्ये 98.82. शिक्षक राबतात. पण हा पास होण्याचा आकडा. पास झालेल्यांतलं कोण सायन्सला गेलं आणि कोण ट्रॉलरवर चढलं, ते त्यात दिसत नाही.

बुद्धी खुंटण्याची गोष्ट मात्र घातक आहे. मामीचा धाकटा पाचवीत. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचं मोठं जाळं, ओढून झाली की जाळ्याचा आणि होडीचा वाटा काढून उरलेल्या पैशांची माणशी वाटणी तो तोंडी करतो. अमावास्येच्या उधाणाला पाणी कुठवर चढेल ते सांगतो. तोच वर्गात "माका येता" म्हणाला, तर पोरं हसली आणि बाईंनी "नीट बोल" म्हणून खाली बसवलं. उत्तर काय होतं, कोणी विचारलंच नाही. आता तो हातच वर करत नाही, आणि प्रगतीपुस्तकात शेरा येतो, "वर्गात सहभाग कमी".

पिएर बोर्द्यू आणि ज्याँ-क्लोद पासरों या फ्रेंच समाजशास्त्रज्ञांनी हे 1970 सालीच मांडलंय. वरच्या वर्गाच्या घरातली भाषा आणि रीतभात शाळा गृहीत धरते, स्वतः ती नीट शिकवत नाही, आणि ज्यांना ती घरूनच मिळालेली असते त्यांना हुशार ठरवते. मग पेपर एक असून काय उपयोग? वकिलाच्या मुलीला पुस्तकी मराठी जेवताना कानावर पडते. आमच्या पोराला ती वेगळी शिकावी लागते, तीही हसू झेलत. त्याला आळशी म्हणायचं?

गरिबाघरचे काही वर येतात, येतातच. त्या मोजक्यांकडे बोट दाखवूनच सगळी व्यवस्था न्याय्य ठरते, हेही त्या दोघांनीच म्हटलंय.

राहिला रोजचा दोन तास अभ्यास. मामी पहाटे बंदरावर मासळी घ्यायला जाते, बाजारातून दुपार टळल्यावर येते, मग घरचा स्वयंपाक. तिचं शिक्षण चौथी. तिने अपूर्णांक कधी आणि कसे शिकवायचे, ते मेसेज लिहिणाऱ्याने सांगावं.