एका 'व'चे दोन तुकडे

मी राहतो विक्रोळीला आणि नोकरी करतो वरळीला. या साध्या वाक्यात एवढा दारूगोळा भरलाय, हे वयाच्या 52व्या वर्षापर्यंत मला ठाऊक नव्हतं.

परदेशी क्लायंटशी फोनवर बोलणाऱ्यांसाठी ऑफिसने इंग्रजी उच्चारांचा वर्ग लावला. पहिल्या दिवशी ओळख करून देताना मी ठणकावून म्हणालो, "आय लिव्ह इन विक्रोळी वेस्ट." मॅडम हसू दाबत म्हणाल्या, "सर, पश्चिम म्हणायचंय ना? हे बनियन झालं."

मे महिना होता. तसं ते अगदीच खोटं नव्हतं.

भानगड अशी, की आपल्याकडे 'व' एकच. इंग्रजीत त्याचे दोन: डब्ल्यूचं वेस्ट म्हणजे पश्चिम, व्हीचं वेस्ट म्हणजे बनियन. व्ही म्हणताना वरचे दात खालच्या ओठावर टेकवून हवा घासत सोडायची. डब्ल्यूला दातांना सुट्टी; ओठांचा चंबू करून 'ऊ' म्हणायला निघायचं आणि तो पुरता व्हायच्या आत पुढच्या स्वरावर उडी मारायची. आपला 'व' या दोघांच्या मध्ये, धड आत नाही धड बाहेर नाही, लोकलच्या दारात उभा असल्यासारखा. आता बघा, वरळी-वडाळ्याला पाटीवर डब्ल्यू, विक्रोळी-विरारला व्ही आणि वांद्र्याला तर चक्क बी! सख्खी भावंडं तीन घरांत दत्तक दिलेली. जन्मभर या पाट्या वाचल्या, पण चौकशी म्हणून केली नाही.

बाकीचे हाल थोडक्यात सांगतो. पेपर म्हणताना ओठांसमोर धरलेला कागद हलला पाहिजे, कारण इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीचा 'प' थोडा 'फ'कडे झुकतो. माझा कागद ढिम्म. शब्दातला जोर तर लोकलमधल्या चौथ्या सीटवरच्या माणसासारखा सरकत असतो: फोटोग्राफमध्ये पहिल्या अक्षरावर, फोटोग्राफीत दुसऱ्यावर. आणि मी अकाउंट्सचा माणूस, 26 वर्षं 'रिसीप्ट' म्हणत पावत्या फाडल्या, तर त्यातला पी मुका निघाला! डेटमधला बीसुद्धा तसाच. लॅटिनशी नातं दिसावं म्हणून विद्वानांनी ही अक्षरं स्पेलिंगात घुसवली म्हणे. उच्चारायची नव्हती तर घुसवायची कशाला? आमच्याकडे असली एंट्री ऑडिटरने पहिल्या दिवशी पकडली असती.

पण खरा छळ 'व'चाच. सकाळी आरशासमोर चंबू करून उभा राहिलो की बायको विचारायची, "अहो, चहा फुंकताय का?" मुलगी म्हणायची, "बाबा, सेल्फी काढतोयस?" म्हणून मी सराव लोकलमध्ये हलवला. घाटकोपरपासून दात ओठावर टेकवून 'व्व्व' चालू. समोरचे आजोबा बराच वेळ बघत होते. कुर्ल्याला त्यांनी खिशातून पुडी काढली आणि एक लवंग माझ्या तळहातावर ठेवली. "दाढेखाली धरा. दादरपर्यंत उतार पडेल." लवंग चघळत व्ही म्हणून बघा एकदा.

दीड महिन्याने मात्र जमलं. मॅडमनी मान डोलावली, एका क्लायंटने माझं वाक्य पहिल्या फटक्यात समजून घेतलं. मी हवेत. त्याच तंद्रीत दुसऱ्या दिवशी दादरला बेस्टच्या बसमध्ये चढलो, ओठांचा देखणा चंबू केला आणि म्हणालो, "एक वरळी."

"उरळी?" कंडक्टरने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "काका, उरळी कांचन पुण्याकडे. एसटीच्या एशियाड स्टँडवर जा, तिथून गाडी मिळेल."

मागे रांग खोळंबलेली. मी घाबरून दात ओठावर टेकवले. "व्व्व…"

"अरेरे, दाढ दुखतेय होय," म्हणत त्याने मला आधी बसायला जागा करून दिली.